पाकिटावरचा मजकूर



चालकांनी आम्हांस बोलावणे पाठविले तेव्हा कामगार चळवळीवर चार शब्द बोलावेत अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही जो विषय उलट कळविला तो वाचून त्यांना थोडे नवल वाटले असेल. मोबाईलवरून आपण एकमेकांना जे निरोप धाडतो, ते धाडणाराचे आणि घेणाराचे नाव कितपत झाकलेले राहते, हा तो विषय. आम्ही या विद्येचे पदवीधर नव्हे. जे थोडेबहुत कळले ते काम अडले म्हणून, वाचून आणि जाणत्यांना विचारून कळले. परंतु हा विषय चळवळीच्या बाहेरचा आहे असे मात्र आम्हांस वाटत नाही. ते का, हे आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका डाळमिलमध्ये आम्ही युनियन बांधीत होतो. गावाचे वा मिलचे नाव सांगण्याचे कारण नाही. हमाल, मशीनवरची पोरे आणि डाळ निवडणाऱ्या बाया मिळून चाळीसएक माणसे होती. किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी एवढ्याच मागण्या. पाळ्या निरनिराळ्या असल्याने सर्वांना एके ठिकाणी गाठणे कठीण, म्हणून व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. त्यात कोणाविरुद्ध एक अक्षर लिहायचे नाही असा दंडक घातला आणि तो सर्वांनी पाळला. सभेचा दिवस आणि वेळ, यापलीकडे त्यात काही नसे. शिवाय व्हॉट्सॲपचा मजकूर कुलूपबंद असतो, तो कंपनीलाही वाचता येत नाही, हे आम्ही वाचले होते आणि माणसांना छातीठोकपणे सांगितलेही होते.

एके दिवशी हजेरीचे ॲप टाकून देतो म्हणून सुपरवायझरने एका पोराचा फोन मागितला. पोराने दिला. सुपरवायझरने ग्रुप उघडला, पण मजकूर वाचण्याची तसदी घेतली नाही. त्याने सभासदांची यादी उघडली आणि नाव-नंबरांचे फोटो काढून घेतले. पुढच्या सोमवारी अकरा माणसांना फाटकावरूनच परत लावण्यात आले. बायांपैकी दोघींना त्या आठवड्यापासून रात्री-बेरात्री अनोळखी नंबरांवरून फोन येऊ लागले. परत लावलेल्यांत डाळ निवडणारी एक विधवा बाई होती. ती आमच्या घरी आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, मी तर त्यात काहीच बोलले नव्हते.”

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्या ग्रुपात तिने एकही शब्द लिहिला नव्हता. आमच्याजवळ तिला देण्यास त्या दिवशी उत्तर नव्हते. आज जे सांगणार आहोत ते त्या उत्तराच्या शोधात हाती आलेले आहे.

पत्राला दोन बाजू असतात. आत मजकूर असतो आणि बाहेर पाकीट असते. मजकूर चिकटवून बंद करता येतो, परंतु पाकिटावर कोणाचे नाव आहे, टपालाचा शिक्का कोठला आणि कोणत्या तारखेचा आहे, हे पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणालाही दिसते. एखाद्या घरी दर आठ दिवसांनी एकाच वकिलाचे पाकीट येऊ लागले, तर पत्र न फोडताही गाव समजते की घरात दावा उभा आहे. मोबाईलच्या जगात या पाकिटावरच्या मजकुरास मेटाडेटा म्हणतात. कोणी, कोणास, केव्हा, किती वेळा, कोठून आणि कोणाकोणाच्या संगतीत, एवढे त्यात येते. बोलणे काय झाले ते त्यात येत नाही. आमच्या डाळमिलमध्ये आम्ही पत्राला लाखेची मोहोर लावली आणि पाकीट मात्र चव्हाट्यावर ठेवले.

पाकिटाचे मोल सत्तेला पूर्वीपासून ठाऊक आहे. १९२८ साली मुंबईत गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि त्याच साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२९ रोजी, देशभर एकाच दिवशी धरपकड झाली आणि मिरतचा खटला उभा राहिला. आरोपींत मुंबईचे डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर असे कामगार पुढारी होते. सरकारने जो पुराव्याचा डोंगर रचला, त्यात टपालात अडवून, नकला आणि छायाचित्रे घेऊन पुढे पाठविलेल्या पत्रांचा मोठा भरणा होता. कोणी बॉम्ब टाकला असा तो आरोप नव्हता. आरोप कटाचा होता, आणि कट शाबीत करायचा तर अमक्याचा तमक्याशी संबंध होता हे प्रथम दाखवावे लागते. ते काम पाकीट करते.

आपल्या मुलखाला याचा निराळा अनुभव आहे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने १९३८ मध्ये बंदी घातली, ती तर संस्था रीतसर स्थापन होण्याआधीच. तेव्हा कोण काय बोलला हा प्रश्न दुय्यम झाला आणि कोण सभासद आहे हाच गुन्हा ठरला. त्या चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ पूर्वायुष्यात ना. म. जोशी यांच्याजवळ कामगार चळवळीचे काम करून आलेले होते. सभासदांची यादी म्हणजे काय चीज असते, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

आता आजच्या काळाकडे येऊ. आपण साधा फोन लावला किंवा साधा एसएमएस पाठविला, तर कोणत्या नंबरावरून कोणत्या नंबरास, किती वाजता, किती वेळ आणि कोणत्या टॉवरखालून, याची नोंद टेलिफोन कंपनीकडे होते. ती निदान दोन वर्षे जपून ठेवावी असा नियम डिसेंबर २०२१ पासून आहे. ही नोंद पोलिसांना कायद्याने मागता येते. परंतु जी नोंद असते ती चोरवाटेनेही बाहेर पडू शकते. २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांनी काही खाजगी गुप्तहेरांना अटक केली. लोकांच्या फोनच्या अशा नोंदी बेकायदा मिळवून त्या विकल्या, असा त्यांच्यावर आरोप होता. या व्यवहारात कोणाचे बोलणे कोणी ऐकलेले नसते. नवऱ्याला बायकोच्या आणि भागीदाराला भागीदाराच्या नुसत्या पाकिटांची थप्पी मिळाली तरी त्याचे काम भागते.

मग व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांचे काय? लोक ही सर्व एकाच माळेचे मणी समजतात. तसे नाही.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर एप्रिल २०१६ पासून सर्वांसाठी कुलूपबंद आहे. कुलूप धाडणाराच्या फोनमध्ये लागते आणि किल्ली फक्त घेणाराच्या फोनमध्ये असते. मधल्या यंत्राला, ज्यास सर्व्हर म्हणतात, नुसता गोंधळलेल्या अक्षरांचा गठ्ठा दिसतो. ही गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. परंतु खाते कोणत्या नंबराचे, परवानगी दिली असल्यास फोनच्या वहीत कोणाकोणाचे नंबर आहेत, माणूस कोणकोणत्या ग्रुपात आहे आणि कोठल्या इंटरनेट पत्त्यावरून आला आहे, हे कंपनीला समजू शकते. अमेरिकेच्या तपासयंत्रणेचे एक टिपण २०२१ मध्ये उघड झाले. त्यात कोणत्या ॲपकडून कायद्याने काय मिळू शकते याची यादीच होती. न्यायालयाचा तसा हुकूम असेल, तर व्हॉट्सॲपकडून निरोप कोणाकडून कोणाकडे चालले आहेत याची माहिती पंधरा-पंधरा मिनिटांनी मिळू शकते, असे त्यात नमूद होते. मजकूर मिळत नाही, पण पाकीट मिळते.

टेलिग्रामला लोक फार गुप्त समजतात. त्याच्या साध्या संभाषणाला आणि ग्रुपांना असे टोकापासून टोकापर्यंतचे कुलूप नसतेच. ‘सीक्रेट चॅट’ म्हणून मुद्दाम निराळे उघडले तरच ते लागते. एका शिक्षिकेचे अभ्यासाचे साहित्य काही चॅनेलांवर चोरून वाटले जात होते. त्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टेलिग्रामने २०२२ मध्ये चॅनेल चालविणाऱ्यांची नावे, फोन नंबर आणि इंटरनेट पत्ते न्यायालयात सादर केले. चोरी उघडकीस आली याचे आम्हांस वाईट वाटत नाही. सांगायचे एवढेच की जे जवळ होते ते द्यावे लागले.

आता सिग्नल. २०१६ साली अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या एका न्यायालयातून सिग्नल चालविणाऱ्या संस्थेस फर्मान गेले, की या दोन नंबरांबद्दल तुमच्याजवळ असेल ती सर्व माहिती द्या. त्यांपैकी एकाच नंबराचे खाते निघाले. संस्थेने फर्मानाचा मान राखला आणि जे होते ते दिले. काय होते? खाते कधी उघडले ती वेळ आणि ते शेवटचे कधी जोडले गेले ती वेळ. बस. हे वाचले तेव्हा आम्हांस त्या बाईची आठवण झाली. संस्थेने कायदा मोडला नाही, न्यायालयाशी खोटे बोलली नाही. तिने वहीच ठेवली नव्हती, म्हणून वहीची पाने देण्याचा प्रश्न आला नाही.

वही न ठेवता टपाल कसे चालते, हे थोडक्यात सांगतो, कारण खरी कारागिरी तेथे आहे. पहिली गोष्ट धाडणाराच्या नावाची. पत्र पोहोचवायचे तर पोस्टास घेणाराचा पत्ता हवाच, परंतु धाडणाराचा पत्ता बाहेर लिहिलाच पाहिजे असे नाही. २०१८ मध्ये सिग्नलने धाडणाराचे नाव पाकिटाच्या आत घालण्याची व्यवस्था केली. पत्र फोडल्यावर ते घेणाराला समजते, मधल्या यंत्राला नाही. दुसरी गोष्ट ग्रुपाची. सभासदांची यादीसुद्धा सर्व्हरवर कुलूपबंद असते आणि तिची किल्ली सभासदांच्या फोनमध्ये असते.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्या ओळखीचे कोण त्या ॲपवर आहेत हे कळायचे तर आपली नंबरांची वही कोठेतरी ताडून पाहावी लागते. नंबराऐवजी त्याचा गणिती ठसा पाठवू, म्हणजे नंबर झाकला जाईल, असे कोणी म्हणेल. पण आपल्या देशातील मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होणारे. म्हणजे शक्य नंबर फार तर ४०० कोटी. एवढ्यांचे ठसे काढून जुळविणे आजच्या यंत्राला जड नाही. म्हणून सिग्नलने ही ताडणी सर्व्हरच्या आत एका बंद कोठडीत होईल अशी योजना केली, की जीत सर्व्हर चालविणाऱ्यालाही डोकावता येऊ नये.

चौथी गोष्ट आपल्या बायाबापड्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. सिग्नलचे खाते उघडण्यास आजही फोन नंबर लागतो, परंतु २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चपासून तो इतरांना दिसलाच पाहिजे असे राहिले नाही. ज्याच्या वहीत आपला नंबर आधीच आहे त्याला सोडून बाकीच्यांना नुसते आपण ठरविलेले नाव दिसते. नंबर न देता, एक टोपणनाव सांगून कोणाशीही बोलता येते. ही सोय आमच्या त्या ग्रुपाला असती आणि आम्हांस ती ठाऊक असती, तर यादीच्या फोटोत कोणाचा नंबर आला नसता आणि त्या दोघींना रात्रीचे फोन आले नसते.

एक धनी असतो आणि एक धोरण असते, असा कामगारांचा अनुभव आहे. तेव्हा धनी कोण हेही पाहिले पाहिजे. व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलर मोजून घेतले, आणि फेसबुकचा धंदा जाहिरातीचा आहे. सिग्नल चालविणारी संस्था नफ्यासाठी नाही, ती देणग्यांवर चालते. तिला २०१८ मध्ये उभे करताना पाच कोटी डॉलर देणारे ब्रायन ॲक्टन हे व्हॉट्सॲपच्याच दोन संस्थापकांपैकी एक होत, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

इतके ऐकून कोणी घरी जाऊन सिग्नल टाकील आणि निर्धास्त होईल, तर तो आमच्यासारखीच दुसरी चूक करील. म्हणून दुसरी बाजू सांगणे प्राप्त आहे. धाडणाराचे नाव आत असले तरी कोठल्या इंटरनेट पत्त्यावरून गठ्ठा आला हे त्या क्षणी यंत्राला दिसते. नंबर इतरांपासून झाकला तरी सिमकार्ड आपल्या ओळखपत्रावर घेतलेले असते, म्हणजे सरकारदरबारी नाव आहेच. फोनच फितूर झाला तर कुलूप निरुपयोगी. २०१९ मध्ये पेगॅसस नावाचे हेरगिरीचे साधन व्हॉट्सॲपच्या वाटेने जगातील सुमारे १४०० फोनांत शिरल्याचे कंपनीने जाहीर केले. ज्यांना कंपनीकडून तशी सूचना आली, त्यांत आपल्या नागपूरचे एक वकीलही होते. पत्र फोडण्याची गरजच पडली नाही, कारण वाचणाराच्या खांद्यावरून वाचता येत होते.

आणि यंत्राहून मोठी गोष्ट माणसाची. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालू केला. त्यांचा मजकूर उघड होता, सगळ्या जगाला ऐकविण्यासाठीच होता. झाकायचे होते ते ठिकाण आणि बोलणाऱ्यांची नावे. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढीत हिंडत आणि ही मंडळी जागा बदलीत. १२ नोव्हेंबर रोजी ते पकडले गेले, ते आतल्या एका तंत्रज्ञाच्या फितुरीने. तिकडे मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांनी लष्करी हल्ल्याची चर्चा सिग्नलवरच्या ग्रुपात केली, आणि त्यात एका संपादकाला चुकून सामील करून घेतले. कुलूप शाबूत होते. किल्ली आपल्या हाताने भलत्याला दिली गेली.

आता एक आक्षेप. तो सभागृहातील कित्येकांच्या मनात असेल आणि तो हलका नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. पोरे पळविणारी टोळी हिंडते आहे, ही अफवा मोबाईलवरून फिरली होती. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी ती गरीब माणसे. अशी अफवा पहिल्याने कोणी पेरली हे शोधता येऊ नये काय, असे कोणी विचारले तर त्याला उडवून लावता येणार नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत मोठ्या ॲपांनी पहिला धाडणारा ओळखता येण्याची व्यवस्था ठेवावी असे घातले. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि कुलूप मोडायला लावाल तर आम्हांस येथून जावे लागेल, असे त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये सांगितले.

आमचे मत असे. पहिला धाडणारा ओळखायचा तर एका गुन्हेगाराच्याच पत्रावर खूण करून भागत नाही. कोणते पत्र उद्या गुन्ह्याचे ठरेल हे आज ठाऊक नसते, म्हणून सगळ्यांच्या सगळ्या पत्रांवर खूण करावी लागते. ज्या खुणेने अफवा पेरणारा सापडेल, त्याच खुणेने डाळमिलमधली ती बाई सापडेल. पोलिसांनी संशयिताचा फोन रीतसर जप्त करावा, साक्षीदार गाठावेत, आणि अफवा भराभर पसरू नये म्हणून निरोप पुढे ढकलण्यास मर्यादा असावी. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात ही मर्यादा पाचावर आणली, ते योग्यच झाले. चौकशीचा हक्क आम्ही नाकारीत नाही. चौकशी हुकमाने, कारणाने आणि एका माणसापुरती असावी, एवढेच म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये फोन ऐकण्यावर बंधने घातली आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी फोन ऐकण्याचे तीन हुकूम, सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण दिसत नाही म्हणून रद्द केले आणि ऐकलेले नष्ट करण्यास सांगितले. एका माणसासाठी एवढा विचार न्यायालय करते, तर सर्वांच्या पाकिटांवर आगाऊ खूण करणे कसे न्याय्य ठरेल?

शेवटी घरी नेण्याजोगे थोडे सांगतो. आमचे स्वतःचे नाव युनियनच्या फलकावर आहे, आम्हांस ते झाकायचे नाही. पुढाऱ्याने उघड उभे राहावे आणि नव्याने येणाराचे नाव, तो तयार होईपर्यंत, झाकलेले असावे, अशी रीत आम्ही आता पाळतो. चाळीस माणसांचा एक ग्रुप करीत नाही. पाच-सहा जणांचे छोटे ग्रुप करतो, म्हणजे एक फोन हातचा गेला तरी सगळी यादी जात नाही. निरोप ठराविक दिवसांनी आपोआप पुसले जातील अशी सोय लावतो. व्हॉट्सॲप वापरणाऱ्यास त्याचा बॅकअपही कुलूपबंद करायला सांगतो, नाहीतर पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार उघडे. फोनला आकडा घालावा, आणि हजेरीसाठी असो वा कशासाठी असो, उघडा फोन कोणाच्या हाती देऊ नये. येथून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत बायांचे नंबर मुकादमाच्या ग्रुपात पडतात. तेथेही हाच विचार करावा. आणि ज्या गोष्टीची कोठेच नोंद नको, ती समोरासमोर बसून बोलावी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

ती बाई पुढे दुसरीकडे कामाला लागली. अकरांपैकी सात जणांना वर्षभराने बोलणी करून परत घेतले गेले, ती त्यांत नव्हती. पुढे एकदा बाजारात भेटली तेव्हा आम्ही तिला म्हणालो, “बाई, तुम्ही काही बोलला नव्हता हे खरे, पण तुम्ही कोणासोबत उभ्या आहात हे आम्ही लिहून ठेवले होते. चूक आमची.” तिने ऐकून घेतले. मग विचारले, “आता कसं करता?” आम्ही तिला छोट्या ग्रुपांचे आणि झाकलेल्या नंबरांचे सांगितले. ती म्हणाली, “मग माझ्या बहिणीला सांगा. ती आहे दुसऱ्या मिलमध्ये.”

त्या बहिणीचे नाव आम्ही कोठेही लिहिलेले नाही.